आर्थर रोडची कोर्टाची यादी: काम कोणाचं आणि पगार कसा

मुंबईत घरातलं कोणी जेलमध्ये असलं की नातेवाइकांचा पहिला गोंधळ तारखेला होतो. तारीख लागलेली असते, वकील उभे असतात आणि माणूस कोर्टात आलेलाच नसतो. वकील म्हणतात, जेलने आणलं नाही. जेलच्या गेटवर सांगतात, पार्टी (बंद्याला कोर्टात नेणारी पोलिसांची तुकडी) आली नाही. बहुतेक वेळा दोघंही खरंच सांगत असतात, कारण बंदी सांभाळणारं खातं एक आणि त्याला कोर्टात नेणारं खातं दुसरं. दोन्ही गृह विभागाखालीच येतात, पण कारागृहाची साखळी पुण्याच्या मुख्यालयाकडे जाते. मुंबईत बंद्यांना व्हॅनमधून नेतात ते मुंबई पोलिसांच्या सशस्त्र विभागाचे, म्हणजे एल.ए.चे लोक: नायगाव, ताडदेव, वरळी, मरोळ. जेलचा शिपाई बंद्याला गेटपर्यंत आणून सोडतो. गेटबाहेरचा रस्ता पोलिसांचा.

मग जेलच्या माणसांचं कोर्टाचं काम उरतं ते कोणतं? कागदाचं. हे काम न्यायालयीन विभागात चालतं, ज्याला आतले सगळे ‘ज्युडिशियल’ म्हणतात. एक तुरुंगाधिकारी, हाताखाली लिपिक आणि शिपाई-हवालदार. आर्थर रोड, म्हणजे १९२६ साली सात रस्त्याजवळ बांधलेलं मुंबई मध्यवर्ती कारागृह, हे मुख्यतः न्यायाधीन, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेल्या, बंद्यांचं जेल आहे. मंजूर क्षमतेच्या कितीतरी पट माणसं आत असतात आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या कोर्टाची तारीख असते. किल्ला कोर्ट, काळा घोड्याचं सत्र न्यायालय, भोईवाडा, माझगाव, गिरगाव, कुर्ला, वांद्रे, अंधेरी, दिंडोशी, बोरिवली, विक्रोळी, मुलुंड. सकाळी एकाच गेटमधून इतक्या दिशांना माणसं जायची असतात.

सगळ्याचा पाया वॉरंट. ज्याच्या नावाचं चालू वॉरंट जेलच्या फायलीत नाही, त्याला एक रात्रही आत ठेवण्याचा अधिकार अधीक्षकाला नाही. न्यायालयीन कोठडीच्या वॉरंटवर पुढे आरोपीचं नाव, वडिलांचं नाव, पोलीस ठाणे, गुन्हा क्रमांक, कलमं, कोर्टाची सही-शिक्का असतो. खरी गोष्ट असते मागच्या बाजूला: तिथे दर तारखेला कोर्ट पुढची तारीख लिहून सही करतं. दंडाधिकारी एका वेळी १५ दिवसांपेक्षा जास्त कोठडी देऊ शकत नाहीत, म्हणून व्यवहारात ‘चौदा दिवसांची’ तारीख पडते. वर्षभर आत असलेल्या माणसाच्या वॉरंटची मागची बाजू भरून जाते आणि मग जोडकागद लागतात. हा जोडकागद सुटला, किंवा कोर्टाच्या शिरस्तेदाराने तारीख लिहिली पण सही राहिली, तर त्या माणसाची कोठडी कागदावर अधांतरी होते. व्हॅन परत आली की ज्युडिशियलने पहिलं काम करायचं ते हेच: प्रत्येक वॉरंट उलटून तारीख आणि सही बघायची. त्याच संध्याकाळी लक्षात आलं तर दुसऱ्या दिवशी कोर्टात माणूस पाठवून दुरुस्त करता येतं. आठ दिवसांनी लक्षात आलं तर अधीक्षकांना लेखी खुलासा द्यावा लागतो.

आदल्या दिवशी दुपारी उद्याची यादी निघते. तारखांची नोंदवही आणि ई-प्रिझन्सचं सॉफ्टवेअर दोन्ही ताडून पाहायचे. फक्त संगणकावर विसंबलं की ज्यांची तारीख चढवायची राहिली ते सुटतात. फक्त वहीवर विसंबलं की बराक बदललेले बंदी सकाळी सापडत नाहीत. यादी कोर्टवार लावतात, कारण व्हॅन कोर्टवार सुटते. कोण आजारी आहे, कोणाचा कोणाशी वाद आहे, कोणाला वेगळं बसवायचं, याचे शेरे यादीवरच लागतात. त्यावरून एल.ए.कडे पार्टीची मागणी जाते. महिला बंदी भायखळ्याला असतात आणि त्यांच्यासोबत महिला पोलीस लागतात, त्यामुळे ती मागणी वेगळी.

सकाळी गिनती झाली की कोर्टाचे बंदी गेटवर येतात. नाव, वडिलांचं नाव, वय विचारायचं आणि दाखल होताना नोंदलेली शरीरावरची खूण बघायची: डाव्या भुवईवर जुन्या जखमेचा व्रण, उजव्या मनगटावर गोंदलेलं नाव, असं काही. घाईत हे टाळतात आणि धोका तिथेच असतो. एकाच नावाचे दोन-तीन बंदी मुंबईच्या जेलमध्ये हमखास असतात. चुकीचा माणूस कोर्टात गेला तर ज्याची तारीख होती तो बराकीत आणि ज्याची नव्हती तो न्यायाधीशांसमोर. मग अंगझडती, गेटच्या रजिस्टरवर नोंद, पार्टीप्रमुखाची सही. त्या सहीच्या क्षणी माणसाचा ताबा जेलकडून पोलिसांकडे जातो. बेडी घालायची की नाही हा प्रश्न पोलिसांचा. १९८० आणि १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांपासून सरसकट बेड्या घालता येत नाहीत. आता जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पुढची कलमंही हिचीच) कलम ४३ (३) मध्ये सराईत गुन्हेगार, पळून गेलेले, खून, बलात्कार, दहशतवाद, संघटित गुन्हेगारी अशा ठरावीक प्रकारांत कोर्टात नेताना बेडी घालण्याची मुभा आहे. चोरीच्या आरोपातल्या, पहिल्यांदाच आत आलेल्या पोराला ती लागू होत नाही.

पार्टी का येत नाही, याचं उत्तर साधं आहे. तेच मनुष्यबळ बंदोबस्ताला लागतं. गणपती, निवडणूक, आझाद मैदानावरचा मोर्चा, मोठ्या नेत्याचा दौरा, यांपैकी काहीही असलं की पार्ट्या कमी होतात. आलेल्या पार्टीत माणसं कमी असतील तर यादीतली काही नावं कापावी लागतात. कोणाची कापायची यावर लिखित क्रम असावा असं माझं ठाम मत आहे. ज्यांची साक्ष चालू आहे, ज्यांच्यावर आरोप ठेवायचे आहेत, ज्यांचा निकाल आहे, ते आधी. नुसती कोठडी वाढवायची असेल तर व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने. हा क्रम नसला की ज्याचा वकील गेटवर फोन करतो तो जातो. राहिलेल्यांसाठी जेलने त्याच दिवशी कोर्टाला ‘पार्टी उपलब्ध न झाल्याने’ असं पत्र पाठवायचं असतं. पत्र गेलं नाही तर कोर्टाच्या रोजनाम्यावर ‘आरोपी हजर नाही’ एवढंच येतं आणि सहा महिन्यांनी जामिनाच्या अर्जात खटला कोणामुळे लांबला हे कोणालाच दाखवता येत नाही.

दुसऱ्या कोर्टाला माणूस हवा असेल तर प्रॉडक्शन वॉरंट लागतं, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २६७, आताच्या नागरिक सुरक्षा संहितेचं ३०२. द्वितीय वर्ग दंडाधिकाऱ्यांनी काढलेलं असेल तर त्यावर मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी हवी, नाहीतर जेलने त्यावर अंमल करायचा नाही. काही परिस्थितींत माणूस पाठवायचाच नाही असंही कायदा अधीक्षकांना सांगतो (कलम ३०४): तो आजारपणामुळे नेण्याजोगा नसेल, दुसऱ्या कोर्टाच्या रिमांडवर असेल, त्याची उरलेली मुदत जाण्यायेण्याच्या काळातच संपत असेल, किंवा सरकारने त्याला बाहेर नेण्यास मनाई केली असेल. तेव्हा माणसाऐवजी कारणांचं निवेदन जातं. यालाही अपवाद आहे: फक्त साक्ष द्यायची असेल आणि जागा जेलपासून २५ किलोमीटरच्या आत असेल तर ‘दुसऱ्या कोर्टाच्या रिमांडवर आहे’ हे कारण चालत नाही. हा पोटनियम फारसा कोणी वाचत नाही. तळोजाच्या बंद्याला फोर्टच्या कोर्टात न्यायचं असेल तेव्हा अंतर पंचवीसच्या बरंच वर जातं, पण आर्थर रोडहून किल्ला कोर्टाला ती सबब देता येत नाही.

व्हीसीमुळे बरंच सोपं झालं आहे. कलम १८७ (४) प्रमाणे पोलीस कोठडी मागायची असेल तर दर वेळी प्रत्यक्षच हजर करावं लागतं. न्यायालयीन कोठडी मात्र पडद्यावर हजर करून वाढवता येते. कलम ५३० ने खटल्याचं कामकाजही इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालवायला जागा दिली आहे. अडचण यंत्राची कमी आणि वेळेची जास्त. एका खोलीत चार कोर्टांच्या लिंक, प्रत्येक कोर्ट आपल्या सोयीने नाव पुकारणार, आणि बंदी त्याच वेळी दुसऱ्या स्क्रीनसमोर. त्यात आवाज बंद असेल तर त्याला फक्त हात जोडलेला वकील दिसतो. पुढची तारीख त्याला कळत नाही आणि वॉरंटवर शाईने उमटतही नाही; कोर्टाकडून वेगळा कागद किंवा ई-मेल येईपर्यंत ज्युडिशियलला थांबावं लागतं. व्हीसीच्या दिवशी संध्याकाळी तारखांचा मेळ घालणारा एक माणूस नेमून दिलेला हवा. तो नसेल तर पुढच्या पंधरवड्याची यादी चुकते.

कधी कधी माणसं कोर्टात नेण्याऐवजी कोर्टच जेलमध्ये आणतात. १९९३ च्या बॉम्बस्फोटांचा टाडा खटला आणि २६/११ चा खटला, दोन्ही आर्थर रोडच्या आवारातल्या विशेष न्यायालयात चालले. अशा वेळी पार्टीचा प्रश्न मिटतो, पण वकील, साक्षीदार, पत्रकार सगळे जेलच्या गेटमधून आत येतात आणि झडतीचा ताण दुप्पट होतो.

आता जामीन. ‘जामीन झाला, मग सोडत का नाहीत?’ हा मुंबईतल्या नातेवाइकांचा दुसरा मोठा प्रश्न. जामिनाचा आदेश म्हणजे सुटकेचा आदेश नव्हे. जामीनदार उभा राहायचा, त्याचे कागद तपासले जायचे, किंवा रोख रक्कम भरली जायची, मग कोर्ट सुटकेचा हुकूम काढतं. तो आर्थर रोडच्या गेटबाहेरच्या जामीन पेटीत पडतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये एका गाजलेल्या प्रकरणात सगळ्या देशाने ही पेटी टीव्हीवर पाहिली, कारण संध्याकाळी साडेपाचची वेळ चुकली म्हणून आरोपीला एक रात्र आत काढावी लागली आणि पेटी पहाटे उघडली. त्यानंतर ३१ मार्च २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने आपले आदेश थेट इलेक्ट्रॉनिक मार्गाने पोचवणारी ‘फास्टर’ यंत्रणा सुरू केली. ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांनी तर अधीक्षकांवर नेमकी कामं सोपवली: कोर्टाने त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने पाठवलेली जामीन आदेशाची प्रत बंद्याला पोचवायची, जामिनाची तारीख ई-प्रिझन्समध्ये नोंदवायची, आणि सात दिवसांत सुटका झाली नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. घरच्यांना माझं सांगणं: सात दिवस उलटले असतील तर ज्युडिशियलमध्ये जाऊन ‘प्राधिकरणाला कळवलं का’ एवढं एकच विचारा. प्रश्न नेमका असला की उत्तर मिळतं.

हुकूम आल्यावर आत काय होतं? नाव, वडिलांचं नाव, गुन्हा क्रमांक आणि केस नंबर वॉरंटशी जुळवतात. सर्वात जास्त अडतं ते केस नंबरवर. अटकेच्या वेळी असतो पोलिसांचा गुन्हा क्रमांक, दोषारोपपत्र आल्यावर दंडाधिकाऱ्यांचा सी.सी. नंबर, आणि केस सत्र न्यायालयात वर्ग झाली की सत्र खटला क्रमांक. वर्ग झाल्याची नोंद जेलमध्ये आली नसेल तर नव्या नंबरचा सुटकेचा हुकूम जुन्या नंबरच्या वॉरंटशी जुळत नाही आणि ज्युडिशियल खुलासा मागवतं. त्यात एक दिवस जातो. शुक्रवार असेल तर तीन. वकिलांनी सुटकेच्या हुकमात गुन्हा क्रमांक, पोलीस ठाणे, सी.सी. नंबर आणि सत्र क्रमांक हे चारही लिहून घ्यावेत. दुसऱ्या प्रकरणात वॉरंट उघडं असेल तर सुटका होतच नाही, फक्त या प्रकरणातून नाव कमी होतं, आणि तसं बंद्याला त्याच वेळी समजावून सांगणं हे तुरुंगाधिकाऱ्याचं काम आहे.

१ जुलै २०२४ पासून जेलवर एक नवी कायदेशीर जबाबदारी आली आणि माझ्या मते ती सर्वात महत्त्वाची आहे. कलम ४७९: ज्या गुन्ह्याची कमाल शिक्षा जितकी, तिच्या निम्मा काळ आत काढला की न्यायाधीन बंदी जामिनाला पात्र, आधी कधीच शिक्षा झालेली नसेल तर एक तृतीयांश काळ पुरेसा. आणि हा अर्ज कोर्टात करायचा आहे अधीक्षकांनी. साध्या चोरीला कमाल ३ वर्षं, म्हणजे आधी शिक्षा न झालेल्याला १ वर्ष. घरातली चोरी असेल तर कमाल ७ वर्षं, म्हणजे २ वर्षं ४ महिने. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकाहून जास्त गुन्हे किंवा प्रकरणं प्रलंबित असतील तरीही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की संहिता येण्याआधीच्या गुन्ह्यांतल्या बंद्यांनाही याचा फायदा द्यायचा. हे करायला दर महिन्याला प्रत्येक बंद्याचं कलम, कमाल शिक्षा, अटकेची तारीख आणि इतर प्रकरणं असा तक्ता लागतो. चूक होते ती कलमात: अटकेच्या वेळी लावलेलं मोठं कलम दोषारोपपत्रात गळलेलं असतं, पण जेलच्या नोंदीत जुनंच राहतं. मग जो वर्षभरात पात्र झाला असता तो ‘अपात्र’च्या रकान्यात पडून राहतो. दोषारोपपत्र दाखल झालं की कलमं नव्याने चढवायची, एवढी एक सवय पुष्कळ माणसं बाहेर काढू शकते.

शिक्षा झाल्यावर हिशोब बदलतो: निकालाआधी कोठडीत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात. समजा एखादा १० मार्च २०२३ ला अटक झाला आणि ८ सप्टेंबर २०२३ ला जामिनावर सुटला. दोन्ही दिवस धरून १८३ दिवस. पुढे ३ फेब्रुवारी २०२५ ला त्याला २ वर्षं सक्तमजुरी झाली आणि तो आत आला. मुदत २ फेब्रुवारी २०२७ ला संपते. त्यातून १८३ दिवस वजा केले की ३ ऑगस्ट २०२६. माफीचे दिवस मिळतील ते वेगळे. पोलीस कोठडीचे दिवसही या वजावटीत धरायचे असतात, आणि नेमके तेच गळतात, कारण ते दिवस जेलच्या रजिस्टरमध्ये नसतात. दंड न भरल्यास ३ महिने असतील तर ते मूळ शिक्षा संपल्यावर, म्हणजे ४ ऑगस्टपासून सुरू होतात. ते मूळ शिक्षेसोबत चालत नाहीत. अपील जेलमधूनच करायचं असेल तर अर्ज आणि निकालाची प्रत अधीक्षकांमार्फत वरच्या कोर्टात जाते. उच्च न्यायालयासाठी मुदत ६० दिवस, सत्र न्यायालयासाठी ३०. बंद्याने अर्ज कधी दिला याची तारीख जावक रजिस्टरमध्ये नोंदवून त्याला ती सांगायची. त्याच्या मुदतीचा पुरावा तेवढाच असतो.

या सगळ्याचा मोबदला काय? कारागृह शिपायाची वेतनश्रेणी पोलीस शिपायाचीच: २१,७०० ते ६९,१००. नवा शिपाई धरला तर मूळ वेतन २१,७००, महागाई भत्ता १ जानेवारी २०२५ च्या ५५ टक्के दराने ११,९३५, मुंबईचा घरभाडे भत्ता ३० टक्के म्हणजे ६,५१०. बेरीज ४०,१४५. वाहतूक, गणवेश वगैरे भत्ते वेगळे. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांचे निवृत्तिवेतनासाठी मूळ अधिक महागाईच्या १० टक्के, इथे ३,३६४, कापले जातात. सरकार १४ टक्के घालतं. व्यवसाय कर महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००. जेलच्या आवारातलं क्वार्टर मिळालं तर घरभाडे भत्ता बंद, म्हणजे बेरीज ३३,६३५ वर येते. तरी मुंबईत क्वार्टर परवडतं, कारण साडेसहा हजारांत शहरात खोली मिळत नाही आणि पहाटेच्या ड्युटीला बदलापूरहून पोचता येत नाही.

या हिशोबात ज्युडिशियल कुठेच नाही. टॉवरवर उभा राहणारा आणि तीन हजार वॉरंटं सांभाळणारा, दोघांचा पगार एकच. टॉवरची ड्युटी कमी महत्त्वाची असं मी मुळीच म्हणत नाही. पण वॉरंटच्या टेबलावरचा माणूस दर काही महिन्यांनी बदलतो, कारण तिथे टिकून राहण्यात कोणाचाच फायदा नसतो. शिकलेला माणूस गेला की चुका परत पहिल्यापासून सुरू होतात. इतर देशांत याची रचना फार वेगळी दिसते. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात १२० काउंट्या आहेत आणि जेलर हे तिथे राज्यघटनेने दिलेलं, चार वर्षांसाठी निवडून द्यायचं पद आहे. ज्या काउंटीत जेल उरलेलं नाही तिथेही जेलर निवडला जातो, आणि कैद्यांची ने-आण हे त्याचं मुख्य काम राहतं. निवडणूक आपल्याकडे आणावी असं नाही; पण माणूस ठेवायचा आणि कोर्टात पोचवायचा, ही दोन्ही कामं एकाच दाराशी बांधलेली आहेत, हे बघण्यासारखं आहे.

आपल्याकडे करता येण्यासारखं आहे ते असं: प्रत्येक मध्यवर्ती कारागृहात ज्युडिशियलसाठी किमान तीन वर्षांची नेमणूक, विशेष वेतन, आणि येरवड्याच्या दौलतराव जाधव प्रशिक्षण महाविद्यालयात वॉरंट, वजावट आणि कलम ४७९ यांचा स्वतंत्र अभ्यासक्रम. २०२४ च्या भरतीत कारागृह शिपायांच्या १,८०० जागा होत्या. शारीरिक चाचणी ५० गुणांची, लेखी १०० ची: अंकगणित, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता आणि मराठी व्याकरण. त्यातल्या अंकगणितात आणि मराठीत पुढे असलेल्या मुला-मुलींना रुजू होतानाच हेरून ज्युडिशियलला घ्यावं, आणि पहिले सहा महिने जुन्या हवालदाराच्या शेजारी बसवून रोजची यादी त्यांच्याकडून काढून घ्यावी.